सहा तारा आणि एक पोर्ट: जोडणीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. तिथे जाडीनुसार वॉशर सहा पेट्यांत वेगळे करणारं एक जुनं यंत्र आहे. त्याच्या कंट्रोलरमधून सहा आउटपुट निघतात, प्रत्येक २४ व्होल्टचं. एकेक आउटपुट एकेका सोलेनॉइडला (वीज मिळाली की दांडा ओढणाऱ्या कॉइलला) जातं आणि त्या पेटीचा फ्लॅप पाव सेकंद उघडतं. कोणत्या पेटीत किती वॉशर पडले हे मला पोटमाळ्यावरच्या ऑफिसातल्या संगणकावर हवं आहे. आत्ता सुपरवायझर शिफ्ट संपल्यावर वजनावरून अंदाज सांगतो. संगणक जुना आहे, मागे नऊ पिनांचं सिरियल पोर्ट आहे. मी पहिल्या आउटपुटची तार पिन २ ला आणि यंत्राचं शून्य पिन ५ ला जोडून पाहिलं. पडद्यावर कधी काहीच नाही, कधी विचित्र अक्षरं. मुलगा म्हणतो, सहा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घेऊ, आउटपुटमागे एक. मागवू का?
— एक लघुउद्योजक, ठाणे

उत्तर: आधी मुलाला ऑर्डर थांबवायला सांगा. सहा कन्व्हर्टर आले तर तीच विचित्र अक्षरं सहा खिडक्यांत दिसतील, एवढाच फरक. पोर्ट कमी पडतायत ही अडचणच नाही. तुमचं यंत्र मुळात अक्षरं पाठवत नाही. ते २४ व्होल्ट देतं आणि काढून घेतं, बस. पिन २ मात्र ठरलेल्या वेगाने एकामागून एक येणाऱ्या बिटांची वाट बघत असते.

तुम्हाला जे दिसलं ते का दिसलं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सोपं आहे. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे तुमच्या सिरियल पोर्टच्या मानकात, लाइन स्वस्थ असते तेव्हा तिच्यावर उणे व्होल्टेज असतं. काहीच जोडलेलं नसेल तरी पोर्ट साधारणपणे तसंच धरून चालतं. व्होल्टेज अधिक ३ च्या वर गेलं की पोर्टला वाटतं, अक्षर सुरू झालं. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला एक अक्षर म्हणजे एक स्टार्ट बिट, आठ माहितीचे आणि एक स्टॉप, असे दहा बिट. वेळ जेमतेम एक मिलिसेकंद. तुमचे २४ व्होल्ट तिथे पाव सेकंद ठाण मांडून बसतात. म्हणजे पोर्टच्या लेखी एक अक्षर आलं, त्याचे सगळे बिट शून्य, आणि स्टॉप बिटाचा पत्ताच नाही. याला ‘ब्रेक’ म्हणतात आणि बरेचसे टर्मिनल प्रोग्रॅम (पोर्टवर आलेलं पडद्यावर दाखवणारे) ते गिळून टाकतात. म्हणून ‘कधी काहीच नाही’. विचित्र अक्षरं सोलेनॉइडची कृपा. कॉइलचा प्रवाह तुटला की ती उलटा झटका देते, लाइन वरखाली नाचते आणि त्या नाचातून पोर्ट आपल्या परीने अक्षरं बनवतं.

त्याच झटक्याची मला जास्त काळजी वाटते. आरएस-२३२ च्या इनपुटने अधिक-उणे २५ व्होल्ट सोसावेत असं मानक सांगतं, म्हणजे २४ व्होल्टवर तुम्ही अगदी काठावर होतात. कॉइलवर तो झटका जिरवणारा डायोड नसेल तर झटका शेकड्यांत जाऊ शकतो. तेव्हा पोर्ट अजून धड आहे का ते आजच बघा. सगळ्या तारा काढा, पिन २ आणि पिन ३ एका छोट्या तारेने एकमेकींना जोडा, टर्मिनल प्रोग्रॅम उघडून काहीही टाइप करा. टाइप केलेलं पडद्यावर उमटलं आणि तार काढल्यावर उमटायचं थांबलं, तर पोर्ट जिवंत आहे. प्रोग्रॅममध्ये ‘लोकल एको’ (टाइप केलेलं प्रोग्रॅमनेच परस्पर दाखवणं) बंद ठेवा, नाहीतर मेलेलं पोर्टही जिवंत दिसेल.

आता एक आडवाट, कारण कोणीतरी ती तुम्हाला सुचवणारच. त्या नऊ पिनांत अक्षरं वाचणारी पिन एकच असली तरी नुसतं ‘आहे-नाही’ सांगणाऱ्या आणखी चार इनपुट पिना असतात: १, ६, ८ आणि ९. टेलिफोन मोडेमच्या काळात घंटी वाजतेय का, पलीकडचा तयार आहे का, हे त्यांवरून कळायचं. साधा संपर्क, म्हणजे पुशबटन किंवा रिलेचा कॉन्टॅक्ट, पिन ४ आणि पिन ८ च्या मध्ये जोडला आणि प्रोग्रॅममधून पिन ४ चालू ठेवली, तर तो दाबलेला आहे की नाही हे संगणकाला कळतं. वेगळा पॉवर सप्लाय लागत नाही. मला ही युक्ती आवडते. एखाद्या दरवाजासाठी, एखाद्या काउंटरसाठी जरूर वापरावी. पण तुमच्याकडे आउटपुट सहा आणि या पिना चार. त्यातल्या नवव्या पिनेचा स्वभावही वेगळा: जुन्या पद्धतीची पोर्ट-चिप तिथला सिग्नल संपताना झालेला बदल तेवढा नोंदवते. वर विंडोज दुसऱ्या कामात गुंतलं की मोजणी हुकण्याची धास्ती. शिफ्टच्या हिशोबासाठी हे नको.

करायचं ते असं. सहाही तारा यंत्राजवळच, पॅनलमध्येच एका छोट्या बोर्डावर घ्या. मोजणी तिथेच होऊ द्या. वर ऑफिसात फक्त बेरजेची ओळ येऊ द्या. आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड यासाठी पुरून उरतो, कारण पाव सेकंदाचा सिग्नल त्याच्या दृष्टीने फार निवांत असतो.

नॅनोला मात्र २४ व्होल्ट थेट दाखवायचे नाहीत. मध्ये ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा, दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा भाग) घाला, पीसी८१७ चालेल, प्रत्येक आउटपुटला एक. तुमचं आउटपुट चालू झाल्यावर तारेवर अधिक २४ येतात असं धरतो. मीटरने यंत्राच्या शून्याशी मोजून खात्री करा. आउटपुटपासून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, तिथून ऑप्टोच्या एलईडीचा अधिक पाय, उणे पाय यंत्राच्या शून्याला. २४ मधून एलईडीचे साधारण १.२ व्होल्ट वजा केले की सुमारे ५ मिलिअँपिअर वाहतात, आणि पाव वॅटचा रेझिस्टर गरमही होत नाही. सोलेनॉइड जिथे आहे तिथेच राहील, आपण फक्त समांतर डोकावतोय. दुसरीकडे ऑप्टोचा कलेक्टर नॅनोच्या पिनेला, एमिटर नॅनोच्या ग्राउंडला, आणि प्रोग्रॅममध्ये त्या पिनेचा अंतर्गत पुल-अप (एरवी पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) चालू. आउटपुट आलं की पिन खाली जाईल. यंत्राचं शून्य आणि नॅनोचं ग्राउंड एकमेकांना जोडू नका. जोडलंत तर ऑप्टो घालून काय मिळवलं?

दोन डायोड विसरू नका. एक प्रत्येक सोलेनॉइडवर उलटा, १एन४००७, झटका जागच्या जागी जिरवायला. यंत्र बनवणाऱ्याने तो आत दिला असेलही, पण जुन्या यंत्रावर माझा भरवसा नसतो. दुसरा ऑप्टोच्या एलईडीवर उलटा, १एन४१४८, कारण ती एलईडी उलट्या दिशेने ६ व्होल्टच सोसते. हा दुसरा डायोड न लावलेले बोर्ड ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत मी ढिगाने पाहिलेत. दोन-चार महिने छान चालतात, मग एकेक चॅनेल मुकं होतं आणि दोष प्रोग्रॅमवर येतो.

आता वरपर्यंतची तार. पॅनलपासून पोटमाळ्यापर्यंत बारा-पंधरा मीटर तरी होत असतील. यूएसबीची केबल साधारण पाच मीटरपर्यंतच विश्वासाची, त्यामुळे नॅनोची यूएसबी वर ओढायचा विचार सोडा. इथे तुमचं जुनं पोर्ट कामाला येतं; आरएस-२३२ ला ९६०० वर पंधरा मीटर जड नाहीत. नॅनोची टीएक्स, म्हणजे पाठवणारी, पिन मॅक्स२३२ च्या छोट्या मॉड्यूलला द्या, मॉड्यूलची आरएस-२३२ बाजू संगणकाच्या पिन २ ला आणि ग्राउंड पिन ५ ला. संगणकाकडून काही यायचं नाही, म्हणून दोनच तारा लागतात. शील्ड असलेली केबल घ्या, आणि कृपा करून ती सोलेनॉइडच्या आणि मोटरच्या तारांबरोबर एकाच डक्टमधून नेऊ नका. मॉड्यूल टाळून नॅनोची पिन थेट पोर्टला जोडायचा मोह होतो. नको. नॅनो स्वस्थ असताना अधिक ५ दाखवतो, पोर्टला स्वस्थपणी उणे हवं असतं; सगळे बिट उलटे वाचले जातात. मॅक्स२३२ हेच उलटसुलट सांभाळते आणि ५ व्होल्टमधून कपॅसिटरांच्या मदतीने अधिक-उणे दोन्ही व्होल्टेज स्वतः तयार करते. नॅनोला वीज मोबाइलच्या चांगल्या चार्जरची.

ओळ कशी पाठवायची यावर मुलाशी वाद होईल. तो म्हणेल, वॉशर पडला की त्या पेटीचा आकडा पाठवू, बेरीज संगणक करेल. माझं मत उलटं. दर सेकंदाला सहाही पेट्यांची आतापर्यंतची बेरीज स्वल्पविराम घालून पाठवा: १२,४०,२३३,५१,९,२ आणि ओळ संपली. संगणक दहा मिनिटं बंद पडला, एखादी ओळ बिघडली, तरी पुढच्या ओळीत खरा आकडा हजर. नॅनोची वीज गेली तर बेरीज शून्यावर येईल, पण आकडा अचानक मागे गेलेला संगणकाला ओळखता येतो. तिथून पुढची भर घालायची. अशी ओळ पाठवायला ९६०० वर वीसेक मिलिसेकंद लागतात, तेव्हा वेग वाढवायच्या भानगडीत पडू नका. आउटपुट रिलेचं असेल तर कॉन्टॅक्ट थरथरतो. वीस मिलिसेकंदांपेक्षा छोटे बदल मोजायचे नाहीत एवढं प्रोग्रॅममध्ये घाला.

संगणकावर सुरुवातीला काही लिहू नका. टेरा टर्म हा फुकट प्रोग्रॅम येणाऱ्या ओळी तारीख-वेळेसह फाइलमध्ये साठवतो, आणि ती फाइल एक्सेलमध्ये उघडते. आठवडाभर ते आकडे आणि सुपरवायझरचं वजन ताडून बघा. जुळले, तर मग मुलाला पायथनमध्ये हवा तेवढा सुंदर पडदा बनवू दे.

सामान ऑनलाइन मिळतंच, पण मी अजूनही लॅमिंग्टन रोडला जातो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. ऑप्टो हातात घेऊन बघता येतात, आणि दुकानदार ‘सहा कशाला, दहा घ्या, दोन-तीन जळणारच’ म्हणतो ते खरं असतं.

प्रश्न: वाशीच्या एपीएमसी फळबाजारात आमच्या आंबा पिकवण्याच्या चार खोल्या आहेत. प्रत्येक खोलीच्या तापमान नियंत्रकाला मागे ए आणि बी अशी आरएस-४८५ ची दोन टर्मिनलं आहेत. चारही खोल्यांतून केबल आणून एकत्र जोडल्या आणि एकाच कन्व्हर्टरने लॅपटॉपला दिल्या. पुट्टी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडला, पण पडदा कोराच. चार कन्व्हर्टर घ्यायला हवे होते का?
— एक व्यापारी, तुर्भे

उत्तर: तुमचा एक कन्व्हर्टर बरोबर आहे. आरएस-४८५ बनलंय तेच अनेकांनी एका जोडीवर बसावं म्हणून. मूळ मानकात ३२ उपकरणं आणि १२०० मीटरपर्यंतचं अंतर धरलेलं आहे.

पडदा कोरा आहे कारण हे नियंत्रक आपणहून बोलत नाहीत. बहुतेकांत मॉडबस असतं, १९७९ सालापासूनची मोडिकॉन कंपनीची बोलण्याची पद्धत, आणि ती चालते वर्गातल्या हजेरीसारखी: बाईंनी नंबर पुकारला की त्याच मुलाने ‘हजर’ म्हणायचं, बाकीचे गप्प. पुट्टी नुसतं ऐकत बसतं, कोणाला पुकारत नाही. त्यासाठी मॉडबस मास्टर, म्हणजे नंबर पुकारणारा, लागतो. असे तयार प्रोग्रॅम मिळतात.

पण त्याआधी नंबर बघा. कारखान्यातून हे नियंत्रक बहुधा सगळे १ नंबर घेऊनच येतात, म्हणजे ‘एक नंबर’ म्हटलं की चौघे एकदम ओरडणार. प्रत्येकाच्या पुढच्या बटणांनी सेटिंगमध्ये जा आणि १, २, ३, ४ द्या. १ ते २४७ पर्यंत काहीही चालतं, फक्त दोघांना एकच नको. वेग आणि पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) चौघांची एक असली पाहिजे आणि प्रोग्रॅममध्येही तीच.

मग एकालाच जोडून विचारा. उत्तर नाही आलं तर ए आणि बी ची अदलाबदल करा. कोणी कशाला ए म्हणायचं यावर कंपन्यांचं आजवर एकमत झालेलं नाही, आणि उलट लावल्याने काही जळत नाही. उत्तर आलं पण आकडा १३५ दिसला तर घाबरू नका, खोली १३.५ अंशांवर आहे, नियंत्रक दशांशचिन्ह पाठवत नाही. मॅन्युअलमध्ये रजिस्टर (आकडा ठेवलेली जागा) ४०००१ लिहिलं असेल तर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ते ० म्हणून टाकावं लागतं. यावरच बहुतेकांची संध्याकाळ जाते.

चार केबल एका जागी आणून बांधल्यात तेवढं बदला. पहिल्या खोलीतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या, अशी एकच माळ हवी. टोकाच्या दोन्ही ठिकाणी ए आणि बी मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. थोड्या अंतरावर ९६०० ला तो नसला तरी चालून जातं हे खरं, पण पिळाची केबल मात्र हवीच, आणि तिचं शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. खोल्यांत ओल असते. टर्मिनलवर हिरवा गंज चढला की लाइन अधूनमधून अडखळते. हापूसचा हंगाम सुरू व्हायच्या आधी ती एकदा उघडून साफ करा.

प्रश्न: मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जुन्या चार-चॅनेल मीटरचं सिरियल आउटपुट लॅपटॉपवर घ्यायचं आहे. कन्व्हर्टर कॉम ७ या पोर्ट-नंबराने दिसतो पण काही येत नाही. सर म्हणतात क्रॉस केबल (२ आणि ३ च्या तारांची अदलाबदल केलेली) लाव, मैत्रीण म्हणते सरळ.
— विद्यार्थिनी, कोपरखैरणे

उत्तर: दोघांचंही ऐकू नकोस, मल्टिमीटर काढ. मीटर आणि लॅपटॉप सुटे ठेव. काळा प्रोब मीटरच्या ग्राउंडला, म्हणजे बहुधा पिन ५ ला, आणि लाल प्रोब आधी पिन २ ला, मग ३ ला लाव. ज्या पिनेवर उणे पाच ते उणे बारा दिसेल ती पिन बोलणारी. लॅपटॉपच्या कन्व्हर्टरवरही तेच कर. तिथे पिन ३ उणे दिसेल. आता मीटरची बोलणारी पिन कन्व्हर्टरच्या न बोलणाऱ्या पिनेला गेली पाहिजे. मीटरची २ उणे असेल तर सरळ केबल, ३ असेल तर क्रॉस.

उणे कुठेच नाही आणि एका पिनेवर अधिक ५ किंवा ३.३ आहे? मग ते आरएस-२३२ नाहीच, टीटीएल आहे, म्हणजे चिपचा मूळ सिग्नल, ज्यात उणे व्होल्टेज नसतंच. नऊ पिनांचा कन्व्हर्टर काढून ठेव आणि यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर घे.

कुठेच काही नसेल तरी मीटर मेला असं ठरवू नकोस. काही जुन्या मीटरांचं आउटपुट आतून ऑप्टोने वेगळं केलेलं असतं आणि त्याला लागणारी वीज ते लॅपटॉपच्या पिन ४ आणि ७ मधून घेतात, बऱ्याचदा ४ अधिक आणि ७ उणे असावी लागते. तीन तारांची केबल बनवली असशील तर त्या वीजेचा रस्ताच तू कापलास. पुट्टी वापरत असशील तर फ्लो कंट्रोल (थांब-पाठव चे इशारे) ‘नन’ कर. ते आपणहून एक्सऑन-एक्सऑफ धरून बसतं. चारही चॅनेल एकाच ओळीत येतात की आळीपाळीने, हे ओळी दिसायला लागल्यावर पडद्यावरच कळेल. प्रोग्रॅम त्यानंतर लिही.

प्रश्न: कन्व्हर्टर काल कॉम ३ होता, आज कॉम ९ झाला. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर वजनकाटा शोधत बसतं.
— एक दुकानदार, नौपाडा

उत्तर: कोणीतरी तो दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावला. स्वस्त कन्व्हर्टरना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, म्हणून विंडोज प्रत्येक सॉकेटमध्ये त्याला नवा समजून नवा नंबर देतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या गुणधर्मांत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये जाऊन पुन्हा कॉम ३ करता येतं. ‘हा नंबर वापरात आहे’ असा इशारा आला आणि तुमच्याकडे दुसरं काही जोडलेलं नसेल, तर ‘हो’ म्हणा. पुढचा कन्व्हर्टर घ्याल तेव्हा एफटीडीआय कंपनीच्या अस्सल चिपचा घ्या, त्यात अनुक्रमांक असतो. तोवर काट्याचं सॉकेट ठरवून टाका आणि मोबाइल चार्जिंगला दुसरं दाखवा.